ताईचा डावा हात

सुधीरचा फोन आला तेव्हा मी नागपूरला, बाल्कनीत तुरीच्या डाळीला ऊन दाखवत बसले होते. "मावशी, आई गेली. सकाळी चहा मागितला, मी आणेपर्यंत..." माझा हा भाचा मराठी बोलताना दोन शब्दांत हिंदीवर येतो. त्या दिवशी आला नाही, त्यावरूनच तो किती हादरलाय ते कळलं. मी जबलपूरला पोचले तोवर ताईला नर्मदेवर, ग्वारीघाटाच्या स्मशानात नेऊन लोक परतलेही होते. त्याला आता महिना होऊन गेला.

कुमुदताई माझी थोरली बहीण. वडील रेल्वेत होते, आम्ही जबलपूरलाच, गढा भागात राहत असू. ताईचा हात लहानपणापासून स्थिर. मॅट्रिकनंतर तिला फौजेचे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात ट्रेसरची नोकरी लागली. मूळ नकाशावर पातळ, आरपार दिसणारं कापड ताणायचं आणि शाईनं त्यातली रेघ न् रेघ उतरवायची. मुलीनं कारखान्यात जायचं म्हणजे त्या वेळी अप्रूपच. सकाळचा भोंगा झाला की ती उंच स्टुलावर बसायची आणि संध्याकाळी बोटांना काळी शाई घेऊन घरी यायची. ती शाई ती मुद्दाम नीट धूत नसे, असं मला वाटे. त्याच कारखान्यातल्या, कामगारांवर देखरेख करणाऱ्या एका चार्जमनचं स्थळ आलं तेव्हा वडील म्हणाले, दोघं एकाच भोंग्यावर जातील, चांगलंच आहे.

भाऊजी निर्व्यसनी. हात उगारणं नाही, शिवी नाही. त्यांचा सगळा जीव एका गाडीत होता. एका फौजी साहेबानं जाताना विकलेली दोन दारांची विलायती गाडी. तिचं इंजिन त्यांनी स्वतः खोलून इतकं तेज करून ठेवलं होतं, की पनागरच्या सरळ रस्त्यावर मोटरसायकलवाले मागे पडत. पण इंजिन तेज झालं तसं तापूही लागलं. बरगीकडे चढ लागला की बॉनेटमधून वाफ निघे, गाडी झाडाखाली उभी करावी लागे, आणि मागे पडलेली पोरं शिट्ट्या मारत पुढे जात. त्या शिट्ट्या भाऊजींना सहन होत नसत. घरी आल्यावर ते दोन दिवस ताईशी बोलत नसत... जणू तीच चढावर उकळली होती.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी पंखाच बदलायचं ठरवलं. रेडिएटरमागे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा मूळचा चार पात्यांचा पंखा काढून तिथे सहा रुंद पात्यांचा बसवायचा. नकाशा ताईनं काढला, त्यांनी सांगितला तसा. वडिलांची बदली झाली होती, तेव्हा मी कॉलेजसाठी त्यांच्याकडेच राहत होते. लढाई लागणार अशी हवा होती, कारखान्यात ओव्हरटाइम चालू होता. दमून आलेली ताई जेवणानंतर पाटावर कागद टाकून बसे. मोठा पंखा बसवला तर त्याच्याभोवतीचं पत्र्याचं कडं काढावं लागेल आणि पाती उघडी राहतील, हे तिच्याच लक्षात आलं.

"मग पाती थोडी लहान करा," ती म्हणाली.

"तू रेघा मार," भाऊजी म्हणाले. "बाकी मी पाहून घेतो."

कडं काढून पंखा बसला. एका रविवारी सकाळी अंगणात ते गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबत होते आणि ताई बॉनेटवर वाकून पट्टा सरकतो का ते पाहत होती. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. "दिसून नाही राहिलं," ती म्हणाली. "जवळून बघ ना," ते ओरडले आणि पाय आणखी दाबला. पंख्यानं तिचा पदर ओढला. पदर सोडवायला तिचा उजवा हात पुढे गेला...

तो आवाज मी सांगणार नाही. इंजिन बंद झाल्यावर भाऊजी उतरले ते आधी पंख्याकडे वाकले. पातं वाकलेलं नव्हतं. मग त्यांनी आतून गोणपाट आणून सीटवर अंथरलं आणि ताईला त्यावर बसवलं. मी मागे बसून टॉवेलमध्ये गुंडाळलेला तिचा हात वर धरला होता. भर उन्हात, भरधाव, चढ चढून गाडी दवाखान्याच्या फाटकाशी आली तेव्हा भाऊजींनी इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या डायलकडे बोट दाखवलं.

"पाहिलं? काटा हलला नाही."

ताई शुद्धीत होती. तिनं डायलकडे पाहिलं आणि मान डोलावली.

अंगठा राहिला, चारही बोटं गेली. विचारायला येणाऱ्यांना भाऊजी सांगत, "काहून ओढायचा पदर? सोडून द्यायचा होता. लुगडं दुसरं आणलं असतं." हिवाळ्यात लढाई लागली. कारखाना दिवसरात्र चालू झाला, ताईच्या स्टुलावर दुसरी मुलगी आली. भोंगा झाला की ताई वेणी घालायला मला हाक मारी, साडी नीट करी आणि खाटेवर बसून राही. कुठे जायचं नव्हतं. पुढच्या वर्षी सुधीर झाला आणि ते बसणंही संपलं. गाडी मात्र पळत होती. बरगीचा चढ आता ती न थांबता चढे.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतर भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. जीभ जड झाली, खाट खिडकीशी लागली. तेव्हा मी मदतीला गेले होते. एक दिवस ताईनं कबाडीवाल्याला बोलावलं आणि शेडमधली गाडी ढकलून खिडकीसमोर आणायला लावली. "यहीं काटो, भैया," ती म्हणाली. भाऊजी आतून घशातल्या घशात ओरडत होते. ताईनं त्यांच्या पाठीशी उशी लावली, नीट दिसावं म्हणून. कबाडीवाल्यानं पंखा काढून हातात तोलला.

"बहनजी, ये तो किसी उस्ताद का काम है."

"नक्शा मेरा था," ताई म्हणाली. "ले जाओ."

संध्याकाळी मी विचारलं, "बरं वाटलं का ताई तुला?"

"मला काय बरं वाटणार," ती म्हणाली. "त्यांना वाईट वाटलं. तेवढंच पाहायचं होतं."

भाऊजी त्यानंतर पुष्कळ जगले. त्यांचा घास न् घास ताईनं भरवला, कधी उशीर केला नाही. मात्र शेवटपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

तेराव्याला मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. कपबशांची फळी, गॅस पेटवायचा लायटर, दाराची कडी, सगळं डावीकडे. मी चहा करायला घेतला आणि माझा हात सारखा रिकाम्या भिंतीवर जात होता. सून मागून आली. "मौसीजी, यहाँ सब उल्टा है ना? मुझे तो बरसों आदत नहीं हुई." परवा सुधीरचा फोन होता. सुतार येऊन गेला, फळी आणि कडी उजवीकडे घेतली. गॅसजवळ, जिथे ताई डावा तळवा टेकून उभी राहायची, तिथे भिंतीवर तेलकट डाग तेवढा उरलाय. दिवाळीच्या आधी रंग देणार आहेत.