कोणत्याही कॉम्प्युटरवर चालेल अशी विचारपूस

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. चहाचे कप उचलता उचलता ते आपोआप पदरात पडतात. जिवती गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी झाडू मारते, चहा करते. शिक्षण सातवी. पण सर आणि शीतल मॅडम यांचं रोजचं एकच भांडण ऐकून मला अर्धं कळायला लागलं. कोणत्या भाषेत प्रोग्राम लिहिला, तर तो कोणत्याही कॉम्प्युटरवर चालेल?

माझ्यासाठी तो प्रश्न रेणूचा होता. आमच्या वस्तीवरची शाळा बंद झाली, म्हणून माझी सात वर्षांची पोरगी आश्रमशाळेत राहते. महिन्यातून एक रविवार भेट. मी निघाले की ती दोन-दोन दिवस धड जेवत नाही. मोबाइल ठेवू देत नाहीत, पण तिथे एक कॉम्प्युटर आहे, संध्याकाळी मुलींना त्यावर बसवतात.

सर म्हणाले, "बाई, तुमचा आवाजच त्याच्यात ठेवून देऊ. रोज विचारीन तो, जेवली काय म्हणून!"

*

सरांचा जीव सी भाषेवर. क्लासमध्ये प्रोग्राम फर्स्टक्लास चालला. मी पेनड्राइव्ह पदरात बांधून आश्रमशाळेत गेले, तर तिथल्या कॉम्प्युटरने फाइल उघडलीच नाही. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स नावाची दुसरीच सिस्टीम होती.

मॅडम म्हणाल्या, "सर, सीचा प्रोग्राम दर सिस्टीमसाठी पुन्हा तयार करा लागते."

मी म्हटलं, "म्हणजे ब्लाउजच की! कापड तेच, पण दर अंगाले नवीन शिवा लागते."

सर म्हणाले, "बाई, उद्यापासून क्लास तुम्ही घ्या, झाडू मी मारतो!"

*

पुढच्या महिन्यात जावा. "हे कुठीबी चालते!" असं सर छातीठोक म्हणाले. नाही चाललं. जावा चालवणारं सॉफ्टवेअर तिथे आधी टाकलेलं लागतं, ते नव्हतं. उतरवून घ्यायला इंटरनेटही नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "हा असा पाव्हणा हाय, की याची चूल आधी मांडून ठेवा लागते."

सर म्हणाले, "पाव्हणा मोठा हाय ना!"

"मोठा हाय, पण उपाशीच वापस आला!"

मीही हसले. मग कप धुवायला मागे गेले. त्या रविवारी निघताना रेणूने विचारलं होतं, "आई, तू याच्यात कधी येशील?"

*

मग मॅडमचं पायथन. लिनक्समध्ये ते आधीपासूनच होतं, प्रोग्राम सुरू झाला! पडद्यावर अक्षरं आली, 'जेवली काय?' पण आवाज नाही. आवाज वाजवणारी लायब्ररी, म्हणजे जोडीचं सॉफ्टवेअर, वेगळी टाकावी लागते, ती तिथे कोणी टाकली नव्हती.

रेणू स्पीकरला कान लावून बसली. मी शेजारीच उभी होते, तरी स्पीकरलाच विचारलं तिने, "काऊन बोलत नाई? रुसली काय आई?"

*

शेवटी दोघांचं जावास्क्रिप्टवर एकमत झालं. ते ब्राउझरमध्येच चालतं, आणि ब्राउझर तर सगळीकडेच असतो! या वेळी मॅडमनी एका जुन्या मशीनवर लिनक्स टाकून आधी इथेच चालवून पाहिलं. आवाज गायब. सरांनी आवाजाच्या फाइलचा पत्ता स्वतःच्या डी ड्राइव्हचा दिला होता.

"सर, लिनक्सले डी ड्राइव्हच नसते!"

सर खरंच चक्रावले. "मंग ते लोक सामान कुठी ठेवतात?"

*

चौथ्या महिन्यात चाललं. माझा आवाज विचारतो, "रेणू, जेवली काय मा?" खाली दोन बटणं. 'हो' दाबलं की झालं, पान बंद. 'नाई' दाबलं की मी म्हणते, "मंग दोन घास खाऊन घे ना माय," आणि पहिल्यापासून विचारते.

आठ दिवसांनी वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. "रेणूची आई, एक सांगा लागते तुमाले."

मी विचारलं, "जेवत नाई ना ते?"

"जेवते ना! दोन्ही वेळ ताट पुसून खाते. पण जेवून आली का कॉम्प्युटरसमोर बसते, अन् 'नाई'च दाबून राह्यते!"