पाचवा रकाना

वह्यांच्या बाबतीत मी वाया गेलेली बाई आहे, हे आधीच कबूल करते. दर जानेवारीत नवी डायरी घ्यायची आणि फेब्रुवारीत ती कोरी सोडून द्यायची, हा माझा अनेक वर्षांचा नेम. वास्तविक माझी नोकरीच नियोजनाची. पीथमपूरच्या एका खोकी बनवणाऱ्या कारखान्यात कुठलं मशीन कुठल्या दिवशी काय काढणार हे मी कॉम्प्युटरवर ठरवते, आणि तिथे माझा शब्द चालतो. घरी मात्र गॅसचा नंबर लावायचा राहतो, लेकीच्या शाळेची सही राहते, आणि दळण गिरणीतच चार दिवस मुक्काम करतं.

फोनवरची अ‍ॅपंही वापरून बघितली. ती दर तासाला टिंग करायची आणि मला राग यायचा. बाजारातल्या छापील डायऱ्यांवर तर माझा जुनाच दात आहे. त्यात पाणी किती ग्लास प्यायलात त्याची चित्रं, आज मन कसं आहे त्यासाठी हसरे-रडके चेहरे, आणि रविवारला अर्धी जागा. आमच्याकडे सगळ्यात जास्त कामं रविवारीच निघतात. ज्यानं ही डायरी काढली त्याच्या घरी रविवारी दुसरं कुणीतरी राबत असणार.

मग मागच्या पावसाळ्यात मी ठरवलं की आपली वही आपणच आखायची. तीन संध्याकाळी पट्टी-पेन्सिल घेऊन बसले. एका आठवड्याला समोरासमोरची दोन पानं आणि चार उभे रकाने: ऑफिस, घर, लेक, इतर. शेवटची चाळीस पानं मोठ्या कामांसाठी, म्हणजे एक मोठं काम घ्यायचं आणि त्याचे बारीक तुकडे करून एकाखाली एक लिहायचे. आखणी पूर्ण झाली तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी ती नवऱ्याला दोनदा दाखवली. दुसऱ्यांदा त्यानं बघितल्यासारखं केलं.

इंदूरच्या खजुरी बाजारात एक म्हातारे बाइंडर आहेत. व्यापाऱ्यांच्या लाल कापडाच्या लांबोडक्या वह्या ते अजून हातानं शिवतात. माझ्या आखणीप्रमाणे रकाने छापून द्या म्हटलं, तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला समजावलं, "मॅडमजी, लकीर छप गई तो छप गई. कागज मोड़ लो, जितने चाहो उतने खाने." आणि त्यांनी एक कोरा कागद उभा दुमडला, पुन्हा दुमडला, नख फिरवलं आणि उलगडून माझ्यासमोर धरला. चार रकाने! एकही रेघ नाही, नुसत्या घड्यांच्या खुणा. व्यापाऱ्यांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच असतात म्हणे. आणखी खाना हवा असला की आणखी एक घडी. मला तिथेच दुकानात नाचावंसं वाटलं. तीन संध्याकाळी मी पट्टी घेऊन जे केलं ते या माणसानं तीन सेकंदांत केलं होतं.

आठवड्यानं वही हातात आली. लाल कापड, पांढरा दोरा, जाड पिवळसर कागद. स्कूटरच्या डिकीत ठेवायला मन होईना, म्हणून पिशवीत घालून गळ्यात अडकवून आणली. जेवणाच्या टेबलावर तिची जागा ठरली, म्हणजे येता-जाता लिहिता येईल. काम उरकलं की त्यावर आडवी रेघ. पहिल्याच आठवड्यात एकवीस रेघा मारल्या आणि मी घरात असह्य झाले. नवरा म्हणाला की आता श्वास घ्यायचंही लिहून ठेव. मी लक्ष दिलं नाही.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. मी सांगलीची, लग्नानंतर इंदूरला आले. सासरचं घराणं मात्र संस्थानाच्या फौजेबरोबर इकडे आलेलं, त्यामुळे आईंची मराठी अर्धी हिंदीत भिजलेली. माझी मराठी त्यांना पुस्तकातली वाटते. सरकारी शाळेत तीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या, वय सदुसष्ट. कमी बोलतात आणि बघतात फार.

एका शनिवारी दुपारी त्यांनी चष्मा लावून वही पुढे ओढली आणि मागची दोन-तीन आठवड्यांची पानं शांतपणे वाचली. मी शाबासकीची वाट बघत समोर भाजी निवडत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. "बेटा, ही 'इतर' म्हणजे मीच ना?"

मी वाकून बघितलं. बीपीच्या गोळ्या. चष्म्याचा नंबर. पेन्शनसाठी हयातीचा दाखला. बाथरूममध्ये धरायला दांडी. गाडी विकणे. सगळा रकाना त्यांचाच होता, आणि लिहिताना माझ्या हे ध्यानातही आलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी सारवासारव करायला गेले, पण आईंचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं होतं.

गाडी म्हणजे सासऱ्यांची छोटी पांढरी गाडी. ते गेल्यापासून दोन वर्षं फाटकाच्या आत कव्हर घालून उभी होती. चालवणारं कुणी नाही, माझ्या नवऱ्याला कंपनीची गाडी, मी स्कूटरवाली. नुसती उभी राहून सडेल, दिवाळीआधी विकून टाकू, असं नवऱ्यानं ठरवलं. मला ते पटलं आणि मी ते वहीत उतरवलं. झालं.

आई म्हणाल्या की मग मीच चालवते. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तीस वर्षं, आधीच्या गाडीत आणि मग या गाडीत, डाव्या सीटवर बसून त्यांनी सासऱ्यांना वळणं दाखवली, मागे कोण येतंय ते सांगितलं. शिकायचं मनात होतं, पण तेव्हा शाळा होती, नंतर सासऱ्यांचं दुखणं. आता मैत्रिणीकडे जायचं तरी घरातल्या तीन माणसांचं टाइमटेबल बघावं लागतं. ही गाडी गेली की दुसरी कुणी त्यांच्यासाठी घेणार नाही, हेही त्यांनी हिशेबी आवाजात सांगितलं. दिवाळीपर्यंत येईल ते येईल, नाहीतर विषय संपला.

बोलता बोलता त्यांनी पान उचललं, 'इतर'चा रकाना मधोमध दुमडला, नख फिरवलं आणि उलगडला. नव्या खान्याच्या माथ्यावर त्यांनी लिहिलं 'मी', आणि खाली फळ्यावरच्या अक्षरात 'गाडी शिकणे'.

माझ्या अंगात वारं शिरलं. एवढं देखणं मोठं काम माझ्या वहीत अजून आलंच नव्हतं! मागची पानं उघडून आम्ही दोघी बसलो. दिवाळीपासून उलटे आठवडे मोजले. चाळिशीच्या पुढच्यांना डॉक्टरचा दाखला लागतो, तो पहिला तुकडा. मग शिकाऊ लायसन्स, त्यानंतर महिनाभर थांबणं कायद्यानंच भाग. त्या महिन्यात क्लच, गिअर, चढ, रिव्हर्स. मग परीक्षा. कारखान्यात मी लाखभर खोक्यांचं वेळापत्रक आखलं आहे, पण असा आनंद तिथे कधी आला नाही.

नवऱ्याला आत्ता सांगायचं नाही, असं आईंनी बजावलं. त्याला काळजी करायची सवय आहे, तो काळजीनंच नको म्हणेल. मला धाकधूक होती, कारण वही तर टेबलावर उघडी पडलेली. पण मला नंतर कळलं की नवऱ्यापासून काही लपवायचं असेल तर ते त्याच्या डोळ्यांसमोर लिहून ठेवावं. तो रोज त्या वहीशेजारी चहाचा कप ठेवायचा. एकदा कपाचा गोल डाग बरोबर 'क्लच'वर उमटला.

शिकाऊ लायसन्सची लेखी परीक्षा आई पहिल्या फटक्यात पास झाल्या आणि बाहेर येताना शेजारी डोकावणाऱ्या एका तरुणाला दटावून आल्या. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर पन्नाशीचे, तोंडात सुपारी. त्यांनी पहिल्याच दिवशी "माताजी" म्हटलं, तेव्हा आईंनी त्यांना सांगितलं की माताजी म्हटलं की पाया पडून घ्यावंसं वाटतं, क्लचवरून पाय निघतो, आंटी बोला. तेव्हापासून दोघांचं छान जमलं.

सकाळी सहाला आम्ही निघायचो. घरात सगळ्यांना वाटे, सासू-सून फिरायला जातात, काय एकी आहे. हातोदच्या रस्त्यावर त्या वेळी ट्रॅक्टर आणि दूधवाले सोडले तर कुणी नसतं. मी स्कूलच्या गाडीत मागच्या सीटवर मांडीवर वही घेऊन बसायची. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली, मी अकरा उभ्या रेघा मारल्या. आठव्या दिवशी दोन. आई त्या रेघांकडे परीक्षेचे पेपर तपासल्यासारखं बघत आणि कुठे चुकलं ते स्वतःच बाजूला लिहीत. 'पाय घाईत उचलला.' 'म्हशीला घाबरले.' मग मास्तरांनी सिमरोलचा रस्ता धरला, आणि तिथला चढ आईंनी पहिल्यांदा न थांबता चढला त्या दिवशी मी मागे टाळ्या वाजवल्या आणि मास्तरांनी आरशातून मला गप्प केलं.

परीक्षा शुक्रवारी होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आठचा आकडा आईंनी सुरेख काढला, चढावर थांबून पुन्हा निघाल्या, आणि रिव्हर्सला शेवटच्या हातभर अंतरात मागचा खांब पाडला. नापास. सात दिवसांनी परत या.

घरी त्यांनी आल्या आल्या वही उघडून लिहिलं, 'नापास', आणि खाली दोन रेघा ओढल्या, शाळेत मुलांच्या वह्यांवर ओढत असतील तशा. मला रडू आलं, त्यांना नाही.

त्याच संध्याकाळी नवरा खुशीत घरी आला. गाडीला गिऱ्हाईक मिळालं होतं. गौतमपुऱ्याचे शेतकरी गृहस्थ, ओळखीतले, परवाचा सोडून पुढच्या रविवारी अकराला बघायला येणार. लिहून ठेव, विसरशील, असं तो मला म्हणाला. आईंसमोर मी ते लिहिलं, तेही शक्य तितक्या बारीक अक्षरात. तो झोपायला गेल्यावर मी आईंना म्हटलं की आता मी सांगून टाकते, त्याला थांबवू. त्या म्हणाल्या, "पहिले पास होऊ दे. नापास माणसानं काय बोलायचं?"

तो आठवडा मी विसरणार नाही. 'रिव्हर्स'साठी एक आख्खं पान दुमडून आठ खाने केले, एकेका दिवसाचा सराव एकेका खान्यात, आठवा निकालासाठी. मोकळ्या मैदानात विटा मांडून मास्तर आईंना मागे-पुढे करायला लावत. मध्येच नवऱ्यानं गिऱ्हाइकासाठी म्हणून आमच्या गाडीला नवी बॅटरी बसवली आणि गाडी धुऊन घेतली. आमच्या यादीतली दोन कामं परस्पर झाली, मी खुशाल रेघा मारल्या.

शुक्रवारी आई पास झाल्या. खांब जागच्या जागी उभे! साहेबांनी कागदावर सही केली तेव्हा मी त्यांना भर आरटीओत मिठी मारली. लायसन्स मोबाइलवर उमटलं तसं त्यांनी त्यातला आपला फोटो बराच वेळ बघितला आणि केस नीट विंचरायला हवे होते म्हणाल्या. शनिवारी नवरा घरी नसताना त्यांनी सासऱ्यांच्या गाडीचं कव्हर काढलं आणि कॉलनीत तीन चकरा मारल्या.

रविवारी अकराच्या ठोक्याला गौतमपुऱ्याचे गृहस्थ आले. पोहे झाले, चहा झाला. नवरा चावी शोधू लागला, तर ती खिळ्यावर नव्हती. आई आतून चप्पल घालून आल्या, चावी त्यांच्या हातात. चला, चक्कर मारून आणते, असं त्या पाहुण्यांना हिंदीत म्हणाल्या आणि जाऊन उजव्या सीटवर बसल्या. पाहुण्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, ते शेजारी बसले. नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला मागच्या सीटवर ढकललं आणि शेजारी बसले.

फाटकातून गाडी अलगद निघाली. गतिरोधकावर दुसरा गिअर, वळणावर इंडिकेटर. चौकात मागच्यानं हॉर्नचा सपाटा लावला, आईंनी मान वळवली नाही. सिग्नल सुटल्यावर एका ई-रिक्षाला मागे टाकलं तेव्हा नवऱ्यानं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. मला हसू आवरत नव्हतं, डोळे भरले होते, आणि ओरडावंसं वाटत होतं की ही बाई माझ्या घरची आहे. पाच-सहा किलोमीटर फिरवून त्यांनी गाडी परत आणली आणि फाटकात एका दमात उलटी लावली.

पाहुणे म्हणाले की गाडी एकदम मक्खन आहे, आंटीजी, फायनल करू.

"मक्खन है ना भिया?" आई म्हणाल्या. "तो फिर मैं क्यूँ दूँ?"

ते क्षणभर गोंधळले, मग खदखदून हसले. भला माणूस. खाली उतरून त्यांनी गाडीला एक कौतुकाची प्रदक्षिणाही घातली.

नवरा मात्र उतरला नाही. पुढच्या सीटला धरून बसला होता. तो रागावला नव्हता, त्याला लागलं होतं. हळूच म्हणाला, "आई, तू मला काहीच का नाही बोलली?"

आईंनी चावी काढली, आरशातून त्याच्याकडे बघितलं. "तू मला विचारलं होतं काय बेटा, विकायच्या पहिले?"

प्रश्न त्याला होता. पण 'गाडी विकणे' हे माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, आणि मीही विचारलं नव्हतं. आई उतरून पाहुण्यांना इंजिनबद्दल काहीतरी समजावू लागल्या. आम्ही दोघं मागच्या सीटवर तसेच बसून राहिलो.