रिकामं मशीन

शिंपी मास्तर मुलीला घेऊन माझ्या पाळणाघरात आले तेव्हा ठमी पाच महिन्यांची होती. बायको बाळंतपणात गेलेली. दुकानात दोन मशिनं, एक मास्तरांचं, एक तिचं. दिवस भरेपर्यंत ती शिवत होती, त्यामुळे पोटात असल्यापासून ठमीच्या कानावर तोच आवाज. आता त्याशिवाय पोरगी डोळा मिटेना. म्हणून मास्तर दुपारभर बायकोचं मशीन दोरा न ओवता, कापड न घालता चालवत बसायचे. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडून. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"माझ्याकडे नऊ पोरं आहेत मास्तर, मशीन एकही नाही," मी म्हणाले. "मोडू ही सवय. जित्याची खोड..." आणि जीभ चावली.

मास्तर नुसते "बरं" म्हणाले. त्या दिवसांत त्यांचं सगळं 'बरं'वरच भागत होतं.

माझी पद्धत साधी. रोज तीच वेळ, दूध, मग पडदा ओढायचा आणि बाळ जागं असतानाच पाळण्यात ठेवायचं. रडलं तर थोपटायचं, उचलायचं नाही. पोरं बहिणीवर सोपवून मी आठवडाभर दुपारी दुकानात गेले. रोज मशीन हातभर मागे सरकवायचे आणि थोडा वेळ कमी चालवायला लावायचे. रिकामं मशीन कोरडं खडखडतं, ते डोक्यात बसतं.

चौथ्या दिवशी ठमीनं रडून दुकान डोक्यावर घेतलं. मास्तरांचा पाय पायडलकडे गेला.

"पाय मागे घ्या," मी दरडावलं. मला माझ्या पद्धतीची घमेंड, दुसरं काय.

सहाव्या दिवशी मशीन बंदच होतं. ठमी मूठ चोखत झोपून गेली.

"आता हिला तो आवाज ओळखू येणार नाही?" मास्तरांनी विचारलं.

"येईल. लागणार नाही."

"बरं."

मला वाईट वाटलं. त्यांना काय वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं नाही.

सोमवारी ठमी माझ्याकडे आली आणि साडेबाराला गाढ झोपली. कबूल केल्याप्रमाणे मी फोन केला.

"झोपली. आता कामाला लागा निवांत."

"बरं."

मागे मशीन चालू होतं. कापडावर आवाज दबका येतो. हा कोरडा होता.

फोन ठेवायचं ना त्यांना सुचलं, ना मला.