युसूफचा ठोका

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, झपाटणं असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं... स्टाफरूममध्ये कोणी असलं काही सांगायला लागलं की मी तोंडावर हसायचो. "सरांसमोर नको रे बाप्पा," म्हणून लोक विषय बदलायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच माझा राग येतोय. पण लिहितो.

साठ-एकसष्टची गोष्ट. आम्ही दिग्रसचे. वडील एका जिनिंगमध्ये कामाला होते. जिनिंग म्हटलं की कापूस, आणि कापूस म्हटलं की आगीची धास्ती, म्हणून आवारात सिमेंटचा एक लांबलचक हौद कायम भरलेला असायचा. मी त्यातच पोहायला शिकलो, आणि तेही उताणं. आई कातावायची, "उताणं मुर्दं तरंगते, जितं माणूस नाही!" पण मला तेच जमायचं. यवतमाळला कॉलेजात गेलो तेव्हा कळलं की याला बॅकस्ट्रोक म्हणतात आणि याच्या चक्क स्पर्धा असतात.

अडचण एकच — भिंत. उताणं पोहताना ती दिसत नाही. आता वरून झेंड्यांची दोरी बांधतात, आम्ही ती कुठं पाहिली होती! मान वळवली की वेग गेला, नाही वळवली की टाळकं फुटलं. माझं फुटलंही होतं. शिवाय कान पाण्यात, त्यामुळे काठावरून कोणी कितीही बोंबललं तरी ऐकू यायचं नाही.

तोड काढली युसूफनं. युसूफ जिनिंगचा इंजिन-फिटर, माझ्याहून थोडा मोठा, पण जिवाचा दोस्त. हौदात पंपाचा लोखंडी पाइप उतरलेला होता. मी भिंतीजवळ आलो की तो नट आवळायच्या पान्यानं पाइपवर ठोका द्यायचा — ठण्ण... टक्. पहिला जड, दुसरा नुसता टेकवलेला. पाण्याखाली तो आवाज थेट कवटीत शिरायचा. "अबे मध्या, ठोका आयकला का हात टाकाचा. मांगं पाहाचं नाही. मी हावो ना!" रविवारी, सुट्टीत मी एस्.टी.नं दिग्रसला यायचो आणि आमची प्रॅक्टिस चालायची. आई हौदाकडे फिरकायची नाही, पण युसूफ सोबत आहे म्हटलं की गप्प बसायची.

त्या वर्षी पोळ्याच्या आसपास युसूफ टायफॉइडनं गेला. मला यवतमाळला कळलं तोवर त्याची माती होऊन गेली होती. त्याला शेवटचं पाहिलंही नाही मी.

दिवाळीआधी नागपूरला विद्यापीठाच्या स्पर्धा होत्या. पहिला येईल त्यालाच टीममध्ये जागा. आणि मी तर भिंतीला भ्यायला लागलो होतो. जवळ आली असं वाटलं की हात आपोआप सैल पडायचे. हीटमधून, म्हणजे पहिल्या चाळणीतून, जेमतेम निघालो. "काय झालं बे तुले?" आमचे कॉलेजचे सर चिडले. काय सांगणार... माझा ठोका देणारा गेला म्हणून?

फायनल भर दुपारी. शेवटची भिंत जवळ आली तसा मी पुन्हा ढिला पडलो, मान वळवणारच होतो, आणि — ठण्ण... टक्.

विचार केलाच नाही. जीव खाऊन हात टाकला. बोटं भिंतीला लागली. मी पहिला आलो होतो.

काठ धरून मी ढसाढसा रडत होतो. लोकांना वाटलं, आनंदानं. शेजारच्या लेनमधला अमरावतीचा पोरगा धापा टाकत म्हणाला, "काहून रे, पाण्यात कोण काय वाजवून राह्यलं होतं?" त्यानंही ऐकलं होतं! त्या टँकमध्ये पाइप नव्हता, नुसत्या गुळगुळीत फरश्या. पंप बंद होता, मी स्वतः जाऊन विचारलं. पाण्यात आवाज दूरवर जातो हे मी पुढे वर्गात शिकवलं, पण आवाज करायला कोणीतरी लागतंच ना!

दिग्रसला उतरलो तो घरी न जाता आधी युसूफच्या आईकडे गेलो. मी त्यांना चाची म्हणायचो. युसूफ त्यांचा एकुलता एक. मला वाटलं, ऐकून त्यांच्या जिवाला बरं वाटेल. त्या मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, मग चुलीजवळचा तवा माझ्याकडे सरकवला. "कसा वाजला, वाजवून दाखव."

मी सांडशीनं वाजवून दाखवलं.

"अजून एकदा."

पुन्हा वाजवलं. चाचींनी वाजता तवा तळहातानं दाबून धरला.

"व्हय, त्याचाच हात हाय," त्या म्हणाल्या. "बेटा, मी तं दाराले कडी बी नाही लावत. माह्याकडं काहून नाही आला रे तो?"

मलाच रडू फुटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको. तू पोहत राह्य. पुन्हा आला तं सांगजो त्याले... अम्मा वाट पाहून राह्यली म्हणा."

त्यानंतर मी कॉलेज संपेपर्यंत पोहलो. बाहेरगावी, मोठमोठ्या टँकांमध्ये. लोकांना वाटायचं पठ्ठ्या मेडलसाठी मरतोय. मी प्रत्येक भिंतीआधी कान लावून असायचो. काही नाही... नुसतं पाणी. दिग्रसला गेलो की चाची हातात पाण्याचा गिलास द्यायच्या आणि माझ्या तोंडाकडे पाहायच्या. मी 'नाही' म्हणून मान हलवायचो. मग त्या घरच्यांची खुशाली विचारायच्या.

पोहणं सुटलं. पुढे चाचीही गेल्या. त्या दुपारी पाण्यात काय वाजलं, मला आजही सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर सांगा, मी वाद घालणार नाही. पण त्या माउलीचा निरोप... तो अजून माझ्याकडेच आहे.