जावईबापूंचा वन-वे

माझ्या सासुरवाडीला समुद्रकिनारा आहे. भंडारा जिल्ह्यात समुद्र कुठून आला, असं विचारू नका. ग्रामपंचायतीने आणला. मोहाडीपासून थोडं आत आमचं गाव, गावाला जुना तलाव. त्याच्या काठावर काही ट्रॅक्टर नदीची रेती पडली, रंगीत छत्र्या रोवल्या गेल्या आणि ‘बीच’ अशी पाटी लागली. कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ टाकला आणि दर रविवारी नागपूरच्या मोटारी कोंबडी, ती शिजवायला गंज आणि हे एवढाले स्पीकर घेऊन येऊ लागल्या. पाण्यात कोणी उतरत नाही, गुडघाभर चिखल आहे. पाण्याकडे पाठ करून फोटो काढायचे, जेवायचं आणि पत्रावळी समुद्राला अर्पण करायच्या, एवढंच पर्यटन.

भानगड रस्त्याची होती. गावात येणारा रस्ता तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून येतो, एका गाडीपुरता. त्याच पाळीवरून सकाळी गावाची एकुलती एक बस निघते. त्या बसने आमच्या शेजारची मावशी मासळीचं घमेलं घेऊन मोहाडीला जाते. तिचा मुलगा पहाटे तलावात जाळं टाकतो, ही विकते. रविवारी मासळीला गिऱ्हाईक जास्त आणि नेमकी रविवारीच बस मोटारींत अडकायची. एक दिवस ड्रायव्हरने खिडकीतून सांगून टाकलं, “आणखी एकडाव असं झालं तर बस फाट्यावरूनच पलटवीन. मंग चाला पायी.” फाटा गावापासून बराच लांब, आणि मावशीचे गुडघे तिच्या अंगणापलीकडे जायला तयार नसतात.

सरपंचबाईंनी बैठक बोलावली. आता मी कोण, ते सांगतो. जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी केली, निवृत्त झालो, क्वार्टर सुटलं, आणि बायकोच्या वाट्याला आलेल्या दोन खोल्यांत येऊन राहिलो. इथे मी एका घरचा नव्हे, अख्ख्या गावाचा जावई. खुर्ची मला, पहिला चहा मला, आणि माझ्या बोलण्यावर “हव जी”. माझ्या स्वतःच्या गावात मला कोणी बसायला पोतंही दिलं नसतं.

“जावईबापू, तुमी त फॅक्टरीत बसचंच पाहात होते,” सरपंचबाई म्हणाल्या.

पाहात होतो, हे खरंच. खिडकीतून. माझं काम कामगारांच्या बसपासांवर शिक्के मारण्याचं होतं, बसेस माझ्यासमोरून सुटायच्या. पण एवढा तपशील भर बैठकीत कशाला सांगायचा? मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “उपाय सोपा आहे. वन-वे.”

योजना अशी: मोटारींनी पाळीवरून यायचं आणि गावामागच्या, शेतांतून जाणाऱ्या पांदणीने बाहेर पडायचं. पांदण नुकतीच डांबरी झाली होती. गुळगुळीत, रिकामी. मी स्वतः पाहिली होती, पावसाळ्यात. बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते, मग एकमेकांकडे, मग छताकडे. एक म्हातारा खाकरला. मला वाटलं, कौतुक गिळतो आहे.

“काही अडचण?”

“नाही जी. तुमी म्हणान तसं.”

मी लाल रंग आणून पाट्यांवर बाण काढले. पहिल्याच बाणाचं टोक मागे गेलं, ते पुसलं आणि हाताला लागलेला रंग बायकोच्या टॉवेलला. बायको म्हणाली, “पांदणीवरून मोटारी? धान निघाल्यावर?” मी म्हणालो, “वाहतुकीतलं तुला काय कळतं?” ती हसली आणि आत गेली. तिच्या हसण्याकडे लक्ष द्यायला हवं होतं.

रविवारी मी शिट्टी घेऊन तलावावर उभा राहिलो. सकाळीच फोटो उरकून परत निघालेल्या पहिल्या टोळीला मी बाणाने पांदणीत घातलं. हात असा काही फिरवत होतो की नागपूरचे ट्रॅफिक पोलीस फिके पडावेत. दहाबारा मोटारी गेल्या, मग एकही पुढे सरकेना. चालत जाऊन पाहतो, तर या वळणापासून त्या वळणापर्यंत पांदणभर धान वाळत घातलेलं. पिवळंधमक. डांबर तापतं, धान लवकर सुकतं, म्हणून झोडपणी झाली की सगळं गाव आपलं धान इथेच पसरतं. हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं, कारण तेही धान टाळून कडेने चाललं होतं. पहिली मोटार धानात शिरून थांबली होती आणि तिच्यासमोर तीन बाया फावडी आडवी धरून उभ्या होत्या.

“हे कोनं पाठवलं इकडं?” त्यांतली एक मोटारवाल्याला विचारत होती. मग तिने मला पाहिलं, फावडं खाली केलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. “बसा ना, जावईबापू.”

कुठे बसू? धानावर?

मागे मोटारींची रांग तलावापर्यंत, तलावापासून पाळीवर, आणि पाळीच्या मधोमध बस. बसमध्ये मावशी, मांडीवर घमेलं. मासळीवरचा बर्फ वितळून पाणी पायरीवरून ठिबकत होतं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, बिडी पेटवली आणि माझ्या शिट्टीकडे अशा नजरेने पाहिलं, की मी ती खिशात टाकली.

त्यानंतर दर रविवारी बस फाट्यावरूनच पलटू लागली.

पुढच्या रविवारी सकाळी मावशी माझ्या दारात घमेलं घेऊन उभी. बायकोला म्हणाली, “बाई, जावई उठले का? त्याइले म्हणाव, गाडी काढा.”

गाडी म्हणजे माझी स्कूटर. तेव्हापासून दर रविवारी मोहाडीपर्यंत मी, माझ्या पायांपाशी घमेलं आणि माझ्या पाठीला टेकलेली मावशी अशी फेरी असते. पाळीवर मोटारी तुंबलेल्याच असतात, त्यांच्यामधून फक्त स्कूटर निघते. बुटांना मरळीचा वास कायमचा आहे. ग्रामसभेत सरपंचबाईंनी सांगितलं, की वाहतुकीचा प्रश्न जावईबापूंनी मार्गी लावला, आणि टाळ्या झाल्या. हल्ली आणखी दोघीजणी कोपऱ्यावर हात दाखवतात.

परवा पाळ फारच तुंबलेली पाहून मी स्कूटर पांदणीकडे वळवली. मावशीने खांद्यावर थाप मारली.

“तिकून नोको. धान हाय.”

“हे त्या बैठकीत काहून नाही सांगितलं, मावशी?”

“तवा तुमी जावई होते जी.”

“आणि आता?”

“आता समोर पाहा.”