समोरच्या शेगडीवरचं मटण

आमच्या घरी मटण बाबा करतात आणि ते हॉलच्या बाल्कनीत शिजतं. आई माळकरी घरातली. लग्न ठरतानाच दोघांचं ठरलं होतं की बाबांनी खुशाल खावं, पण आपलं आपण शिजवावं आणि स्वयंपाकघरात आणू नये. त्यामुळे बाल्कनीत बाबांचा वेगळा संसार आहे: छोटा सिलेंडर, एक शेगडी, वारा अडवायला तीन बाजूंनी पत्रा आणि जर्मनचं एक भलंमोठं पातेलं. वाटण मात्र आई करून देते. कांदा-खोबरं भाजायला तिची काहीच हरकत नसते. वाटणाची वाटी ती बाल्कनीच्या उंबऱ्यावर ठेवते आणि मागे वळते. इतक्या वर्षांत तो उंबरा ना आईने ओलांडलाय, ना पातेल्याने.

गेल्या महिन्यात बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस शेगडीजवळ फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नेमका त्याच आठवड्यात मोठ्या काकांचा रविवार होता. काका महिन्यातून एकदा गावाहून बसने हडपसरला येतात, बाबांच्या हातचं मटण खातात आणि परत जातात. दोघे भाऊ फारसं बोलत नाहीत. त्यांच्यात जे काही आहे ते त्या जेवणातच आहे, असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

“फोन करून सांगतो त्याला, या महिन्यात नको,” बाबा म्हणाले. आवाज असा, जणू डोळ्यापेक्षा हेच ऑपरेशन मोठं.

“मी करते,” मी म्हणाले. घरात मी स्वतःहून फारसं काही बोलत नाही, म्हणून दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“कुकरला लावू का?” मी विचारलं.

“कुकरला डाळ लावतात,” बाबा म्हणाले.

आदल्या दिवशी मी सगळी कृती मोबाईलमध्ये उतरवून घेतली. इंग्रजी शाळेत प्रयोगाचं साहित्य आधी लिहायची सवय लागलेली. बाबांचं प्रत्येक माप मात्र ‘अंदाजाने’. अंदाज किती, असं विचारलं की ते हाताची ओंजळ करून दाखवायचे आणि ओंजळ दर वेळी वेगळी असायची.

रविवारी साडेनऊला पातेलं चढलं. हळद, मीठ, आलं-लसूण लावलेलं मटण कांद्यावर परतलं, वर ताट झाकलं आणि ताटात पाणी ओतलं. यात गंमत अशी की मटणाला आधी त्याचं स्वतःचं पाणी सुटतं. नंतर लागेल ते पाणी वरच्या ताटातलं, गरम झालेलं घालायचं. गार पाणी पडलं की मटण आखडतं. मंद आचेवर तीन तास.

बाबा हॉलमध्ये खुर्ची टाकून बसले. काळ्या चष्म्यात ते वॉर्डातल्या नगरसेवकासारखे दिसत होते.

“पाणी सुटलं का?”

“सुटतंय.”

“आच मोठी नाही ना केलीस?”

“नाही, बाबा.”

“मग वास का येत नाही अजून?”

अकरा वाजता वास यायला लागला आणि ते खुर्चीत मागे रेलले. सव्वाअकराला आच निळ्याची पिवळी झाली, दोनदा फडफडली आणि विझली. मी काडी ओढली, नॉब फिरवला, सिलेंडर उचलून पाहिला. चिमणीसारखा हलका. रविवारी तो भरून मिळणार नव्हता. स्वयंपाकघरात पाइपचा गॅस, त्यामुळे घरात दुसरा सिलेंडरही नाही. काका एकला पोचणार होते.

स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं. मी आईला विचारलं असतं, तर ती एक क्षण थांबून “आण” म्हणाली असती. मग पातेलं उतरल्यावर तिने ओटा दोनदा धुतला असता. तो एक क्षण मला बघायचा नव्हता. बाबांसाठीही नाही, काकांसाठीही नाही.

म्हणून मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथल्या काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, आयुष्य शनिवार पेठेत काढून दोन वर्षांपूर्वी इथे आलेल्या. दोन वर्षांत मी त्यांच्याशी फक्त लिफ्टमध्ये हसले होते.

“काकू, सॉरी, म्हणजे… आमचा गॅस संपलाय.”

“मग मी काय एजन्सी काढलीय?”

माझे कान तापले. “नाही, मटण अर्धं शिजलंय. तुमच्याकडे चालत नसेल तर…”

“कोणी सांगितलं चालत नाही? करायला कोणी नाही, एवढंच.” त्यांनी दार पूर्ण उघडलं. “पातेलं कुठाय? का रिकाम्या हाताने चौकशीला आलीस?”

दोन जुन्या फडक्यांनी पातेलं धरून मी हॉलमधून निघाले. वरच्या ताटातलं पाणी डुचमळत होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने एकदा बाल्कनीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पुढे होऊन माझ्यासाठी बाहेरचं दार धरलं.

साडेबाराला ती स्वतः वाटणाची वाटी घेऊन समोर आली आणि दारातच थांबली.

“मीठ कमी पडलंय,” ती म्हणाली.

“अहो, न चाखताच?” काकूंनी विचारलं.

“वासावरून कळतं. यांना मीच सांगते दर वेळी.”

काकूंनी चमच्याने रस्सा चाखला. “कमीच आहे. या, आत या. शेगडी तिकडे, आपण इकडे बसू.” आई आत गेली. मी वाटण परतत होते आणि बाहेर दोघी खोबऱ्याच्या भावावर बोलत होत्या.

एकला काका आले तेव्हा आमच्या घरात एकटे बाबा. उघड्या दारातून आवाज आला. “आरं, बाया हायत कुठं?”

“समोर. मटण समोर आहे.”

“समोर कशापायी?”

“विचारू नकोस. बस.”

पातेलं परत आलं तेव्हा दीड वाजला होता. काकूंसाठी वाटीभर मटण मी आधीच त्यांच्याकडे काढून ठेवलं होतं. रश्श्यावर लाल तवंग आला होता. काकांनी पहिला घास घेतला, मग दुसरी भाकरी मागितली. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि चष्म्याआडून हसले. काकांची अडीचची बस चुकली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही.

मी तिसऱ्या भाकरीसाठी आत गेले. आई तव्यासमोर होती.

“मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं,” ती म्हणाली.

“माहितीये. म्हणूनच नाही विचारलं.”

तिने भाकरी उलटली, कडा दाबल्या. भाकरी टम्म फुगली.

“पुढच्या वेळी सिलेंडर आदल्या दिवशी हलवून बघ,” ती म्हणाली आणि भाकरी माझ्या हातावर ठेवली.