डाव्या हाताचे टाके

माझे भावोजी कपडे शिवत नाहीत, ते शिवलेले कपडे बदलून देतात. पाटीवर तसं स्वच्छ लिहिलंय, तरी लोक आत शिरतात आणि नवा सूट मागतात. मग भावोजी चष्म्यावरून बघत म्हणतात, "नवं करणारे पुष्कळ आहेत हो. तुमच्याकडे काही बिघडलेलं असेल तर आणा." लांब पँट आखूड करायची, सुटलेल्या पोटासाठी कंबर सैल करायची, वडील गेले की त्यांचा कोट मुलाच्या खांद्यांना बसवायचा, हा त्यांचा धंदा. माणूस हुशार आणि आपलं तेच खरं करणारा. मी समोरच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, त्यामुळे काचेतून दिवसभर ते दिसत राहतात. न बघून करते काय!

कुठलाही कपडा हातात आला की ते आधी त्याची दुमड, म्हणजे आत मुडपून शिवलेला काठ, उलटतात. आत किती कापड शिल्लक आहे ते कळल्याशिवाय पुढचं काही ठरत नाही. ही सवय इतकी हाडीमासी भिनलेली, की कुणाच्या घरी गेले तरी बोलता बोलता पडद्याचा खालचा काठ उलटून बघतात.

माझी थोरली बहीण ताई, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्या शेजारी खिडकीत बसून हातशिलाई करायची. ताई डावखुरी होती. उजव्या हाताचे टाके एका बाजूला कलतात, डाव्या हाताचे दुसऱ्या. एकाच कोटाची दुमड अर्धी त्यांनी आणि अर्धी तिनं घातली, की मधे टाके एकमेकांकडे पाठ करून उभे. बाहेरून काही म्हणजे काही दिसायचं नाही. पण भावोजींना ते आतून माहीत असायचं आणि तेवढ्यानं त्यांचा जीव वरखाली व्हायचा. तिनं घातलेले टाके ते उसवायचे आणि परत घालायचे. ती म्हणायची, "उसवा. तेवढंच येतं तुम्हाला." दोघांचं जन्मभर चाललेलं भांडण ते हेच. कधी थट्टेत जायचं, कधी नाही.

शेवटच्या दिवशी थट्टेत गेलं नाही. एका राखाडी कोटाची दुमड तिनं घातली होती आणि भावोजींनी ती गिऱ्हाइकासमोर उसवायला घेतली. ताईनं सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेली धातूची टोपी काढून खिडकीत ठेवली, म्हणाली, "संध्याकाळी बोलू आपण." मग जरा पडते म्हणून मागच्या खोलीत गेली, आणि झोपेतच गेली. संध्याकाळी आम्ही सगळे त्या खोलीत होतो. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

भावोजी रडले नाहीत. त्यांनी तो राखाडी कोट पुरा करून दिला. मला त्यांचा इतका राग आला की कितीतरी दिवस मी काचेतून तिकडे बघायचंच सोडलं.

मग एक दिवस ते आमच्या दुकानात आले. चेहरा उजळलेला, दाढी केलेली. "धाकटे," म्हणाले, कारण मी केस पिकले तरी त्यांच्यासाठी धाकटीच, "एक सांगू? हसशील तू."

स्वप्नात ते आपल्या दुकानात बसले होते. कुणीतरी कोट आणून टाकला. त्यांनी सवयीप्रमाणे दुमड उलटली, तर आत काही नाही. शिल्लक कापड नाही, टाके नाहीत. आतली बाजू बाहेरच्यासारखीच गुळगुळीत. "असा कपडा जगात नसतो," भावोजी म्हणाले. "म्हणजे मग मी झोपलोय. हे स्वप्न आहे. आणि स्वप्न जर माझं आहे, तर मी सांगेन ते व्हायला हवं. मी दाराकडे बघितलं, मनात म्हटलं, आत ये. आली गं ती. हातात चहा घेऊन."

मी हसले नाही. मला हेवा वाटला. माझ्या स्वप्नात ताई एकदाही आली नव्हती.

त्यानंतर माणसाला नादच लागला. दिवसभर जे दिसेल त्याची दुमड उलटायची, म्हणजे ती सवय झोपेतही सोबत येते आणि दुमड रिकामी निघाली की स्वप्न ओळखता येतं, असं त्यांचं गणित. बस थांब्यावर एका बाईच्या कोटाला हात घातला, थोडक्यात वाचले. मी त्यांना म्हटलं, "भावोजी, मार खाल एखाद दिवशी." तर म्हणतात, "मार खाल्ला तर मी जागा आहे हे तरी नक्की कळेल." दुपारचं दुकान बंद राहायला लागलं. गिऱ्हाइकं दार वाजवून परत जायची आणि चौकशीला माझ्याकडे यायची. मी सांगायची, झोपलेत. काय सांगणार दुसरं?

सुरुवातीला ते जे सांगायचे ते ऐकायला मला आवडायचं, हे कबूल करते. ताई खिडकीत बसते. ताई पुढच्या दारानं येते, मागच्या खोलीत जातच नाही, कारण त्या दाराची त्यांनी नुसत्या मनानं भिंत करून टाकलीय. ती न झालेली संध्याकाळ ते रोज घडवून आणत होते. ती बोलायची म्हणाली होती ना, ते त्यांना ऐकायचं होतं. त्यासाठीच सगळा आटापिटा.

"मग काय म्हणाली?" मी एकदा विचारलं.

"म्हणाली, बरोबर आहे तुमचं."

माझ्या हातातली गोळ्यांची पाकिटं तशीच राहिली. ताई? 'बरोबर आहे तुमचं'? घड्याळात किती वाजले एवढ्यावरसुद्धा जी नवऱ्याचं ऐकून घ्यायची नाही ती?

"आणि काय करत होती?"

"हातशिलाई. इतके सुरेख टाके, धाकटे. एकसारखे. माझे कुठले नि तिचे कुठले ओळखू येऊ नयेत."

"कुठल्या हातानं?" मी विचारलं.

त्यांना प्रश्नच कळला नाही. "हातानं म्हणजे? हा असा," म्हणाले, आणि उजवा हात हवेत हलवून दाखवला.

हा माणूस माझ्या बहिणीला बदलून घेत होता. इथे थोडं आत, तिथे थोडं सैल, अंगाला बसेल अशी. आणि हे नुसतं झोपेपुरतं राहत नव्हतं. गिऱ्हाइकांशी बोलताना ते सांगायचे की आमची ही फार शांत होती, कामात गुणगुणायची. ताई गुणगुणायची? तिला सूर म्हणजे काय ते माहीत नव्हतं! एकदा त्यांच्या दारात उभी असताना मी ओरडले, "खोटं आहे ते!" तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिला ओळखत नव्हते. आईवडील गेले, ताईला मूलबाळ नाही. तिला आठवणारे आम्ही दोघंच होतो, आणि त्यातल्या एकानं तिला उसवायला घेतलं होतं.

पुढे ते झोपेच्या गोळ्या मागायला आले. मी दिल्या नाहीत. "चिठ्ठी आणा डॉक्टरची," म्हटलं. ते हलले नाहीत. काउंटर धरून उभे राहिले. तेव्हा मला दिसलं की चेहरा उजळलेला वगैरे काही राहिला नव्हता.

"झोप येत नाही म्हणून नकोत मला," ते म्हणाले. "इतकी गाढ झोप हवी की स्वप्नच पडू नये."

"का?"

"ती जात नाही गं आता."

आता त्यांना बोलवावं लागत नव्हतं. डोळा लागला की ती खिडकीत असायचीच. त्यांनी काही करवून घेतलं नाही तर तशीच बसून राहायची, सुई वर धरून, तोंड किंचित उघडं. आपण काय बोलायचं ते भावोजी सांगतील याची वाट बघत. ते मागे फिरले की ती त्यांच्यासमोरच. एकदा घाबरून ते तिला म्हणाले, निघून जा. हसून म्हणाली, बरोबर आहे तुमचं. गेली मात्र नाही. शेवटी ते म्हणाले, अगं, मी मरून जाईन अशानं. तर सुई तशीच वर धरून, त्याच हसऱ्या तोंडानं म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

मी गोळ्यांच्या कपाटाला कुलूप घातलं.

"मी तिला रागवायला सांगतो," भावोजी म्हणाले. "पण ती कशी रागवायची ते मलाच आठवत नाही. शब्द आठवतात, आवाज येत नाही. धाकटे, तू एकदा रागव ना. तिच्यासारखी."

हे ऐकून मला खरं तर दोन शब्द सुनावायचे होते. पण त्यांचा आवाज ऐकून ते राहू दिलं. मी मालकांना सांगितलं, खुंटीवरचा माझा तपकिरी कोट अंगात घातला आणि रस्ता ओलांडून त्यांच्याबरोबर गेले. ताईच्या खुर्चीत बसले. तिथे खिडकीत तिची बोटातली टोपी अजून तशीच होती, धूळ बसलेली.

बहिणी बहिणी आम्ही, आवाज काढायला अवघड नव्हता. अवघड होतं ते तोंड उघडणं. मी मान वाकडी केली, डाव्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "उसवा. तेवढंच येतं तुम्हाला."

भावोजी पांढरेफटक पडले. मग खाली वाकले आणि त्यांनी माझ्या कोटाची दुमड उलटली.

आत कापड होतं. टाके होते. हा कोट ताईनं मला आखूड करून दिला होता, आणि भावोजींच्या हाती तो कधी लागला नव्हता. टाके सगळे दुसऱ्या बाजूला कललेले, तिच्या हाताचे. एका जागी दोरा तुटून दुमड सुटली होती. भावोजींनी टाक्यांवरून बोट फिरवलं, मग परत फिरवलं, आणि एवढ्या दिवसांत जे रडले नव्हते ते तिथे जमिनीवर बसून रडले. मीही रडले. एक गिऱ्हाईक दारातून आत डोकावून गुपचूप निघून गेलं.

"सुटलंय इथे," थोड्या वेळानं ते म्हणाले. "घालून देतो."

त्यांचा हात ब्लेडकडे गेला. जुने टाके उसवून सगळी दुमड एकसारखी घालायची, हात त्याशिवाय दुसरं काही शिकलाच नव्हता. मी कोट घट्ट धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ब्लेड खाली ठेवलं. ताईची टोपी पुसली, बोटात घातली, आणि सुई डाव्या हातात घेतली.

असे भिकार टाके मी शिकाऊ पोरांचेही बघितले नाहीत. दोनदा सुई बोटात घुसली. पण कलले ते तिच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडत होते, तर ते रस्ता ओलांडून आले. झोपलेले दिसत होते.

"आली होती?" मी विचारलं.

"आली."

"काय म्हणाली?"

"काहीच नाही. मी तुझा कोट पुढे केला. तिनं दुमड उलटली, टाके बघितले," ते म्हणाले, "आणि बसून सगळे उसवले. डाव्या हातानं. मग टोपी खिडकीत ठेवून उठली आणि मागच्या खोलीत गेली. त्या भिंतीला दार होतं, धाकटे."

मी खाली वाकून माझ्याच कोटाची दुमड उलटली. ते वाकडेतिकडे टाके जागेवर होते.

"मी नव्हतं गं सांगितलं तिला," भावोजी म्हणाले. "शपथ. मी नव्हतं सांगितलं."